घरच्या घरी बेडरूमचं लाकडी फर्निचर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पलंग, कपाट, खणांचं कपाट, उशाजवळचं टेबल हे सगळं स्वतःच्या हाताने करू पाहणाऱ्यांचे पहिले प्रश्न लाकूड कोणतं आणि हत्यारं कोणती हेच असतात. ते प्रश्न रास्त आहेत, त्यांची उत्तरं खाली आहेतच. पण बेडरूमच्या फर्निचरची परीक्षा रात्री होते. कूस बदलली की पलंग कुरकुरतो का, दार बंद असलेल्या खोलीत पॉलिशचा वास कोंडतो का, अंधारात उठताना नडगीला काही लागतं का. दिवाणखान्यातल्या टेबलाला हे प्रश्न कुणी विचारत नाही. म्हणून इथली उत्तरं त्या बाजूने दिली आहेत.

सुरुवात कशाने करावी? पलंगाने की कपाटाने?

दोन्हींनी नको. उशाजवळच्या टेबलाने करा. चार पाय, त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या, एक खण आणि वरची फळी एवढ्याशा कामात सुतारकामातला जवळजवळ प्रत्येक सांधा येऊन जातो आणि चुकलं तर लाकूड थोडंच वाया जातं. शिवाय ही टेबलं बहुधा जोडीने लागतात. दुसरं टेबल करताना पहिल्यात काय राहून गेलं ते आपोआप कळतं.

त्यानंतर पलंग घ्या. तो आकाराने मोठा दिसतो, पण रचना सोपी असते. कपाट त्याच्या पुढे. आणि चार-पाच खणांचं कपाट सगळ्यात शेवटी. लोकांना उलट वाटतं, कारण ते लहान दिसतं. पण प्रत्येक खण वेगळा बसवावा लागतो आणि पुढच्या सगळ्या फटी एकसारख्या दिसाव्या लागतात. त्यात भलेभले अडकतात.

किती जागा लागते?

३ मीटर बाय ४ मीटरच्या खोलीत बहुतेक सगळं होतं. क्षेत्रफळापेक्षा सरळ लांबी महत्त्वाची. पलंगाची बाजूपट्टी २ मीटरच्या आसपास असते. ती यंत्राच्या करवतीतून उभी चिरायची तर पात्याच्या अलीकडे २ मीटर आणि पलीकडे २ मीटर मोकळं हवं. खोली तेवढी लांब नसेल तर करवत दाराच्या रेषेत ठेवा आणि चिरताना दार उघडं ठेवा.

आता खरी अडचण. वस्तू तयार झाल्यावर कार्यशाळेतून बाहेर आणि बेडरूमच्या आत कशी जाणार? लाकूड आणण्याआधी दोन्ही दारं, जिन्याचं वळण आणि बेडरूमच्या छताची उंची मोजून घ्या. कपाटाच्या बाबतीत छत हमखास दगा देतं. २२० सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर खोल कपाट आडवं आत नेलं आणि उभं करायला गेलं, तर तिरकं असताना त्याला सुमारे २२८ सेंटिमीटर उंची लागते. छत २२५ वर असेल तर ते उभंच राहत नाही. उपाय एकच : मोठी वस्तू सुरुवातीपासून सुट्या भागांत आखायची. पलंग चार भागांत, कपाट खालची बैठक, मधला भाग आणि वरची पट्टी अशा तीन भागांत. शेवटी कापून दोन तुकडे करू म्हणणाऱ्यांचं कपाट पुढे कधी सरळ उभं राहत नाही.

कमीत कमी कोणती हत्यारं हवीत?

चांगली करवत, एक मध्यम रंधा, तीन पटाश्या (६, १२ आणि २५ मिलिमीटर), लाकडी मोगरी, गुण्या, मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ ओढायचं साधन), मोजपट्टी, ड्रिल मशीन आणि जमतील तेवढे क्लॅम्प. क्लॅम्प नेहमी कमीच पडतात. त्यातले निदान चार एक मीटरपेक्षा लांब असू द्या, नाहीतर पलंगाच्या उशाकडच्या भागाची चौकट आवळायची कशी?

यंत्रं घ्यायची तर आधी जाडी सारखी करणारं प्लेनर घ्यावं असं माझं मत आहे. टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली यंत्राची करवत, सगळ्यांना आधी हवा असतो, पण सरळ कापण्याचं काम हातकरवतीने किंवा सरळ पट्टीच्या आधाराने चालवलेल्या सर्क्युलर सॉने (हातात धरायच्या गोल पात्याच्या करवतीने) भागतं. दहा फळ्या हाताने रंधून एका जाडीच्या करायला मात्र फार चिकाटी लागते.

आणि ज्यावर काम करायचं ते टेबल जड हवं. रंधा मारताना टेबल हललं की हत्यार कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. उंची साधारण उभं असताना मनगट येतं तिथवर.

हत्यारांना धार किती वेळा लावायची?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा. पाइनच्या फळीच्या टोकावर पटाशी चालवून बघा. तंतू स्वच्छ कापले गेले आणि पृष्ठभाग गुळगुळीत चकाकला तर धार आहे. तंतू दबून चुरा निघाला तर थांबा आणि धार लावायचा दगड काढा. पटाशीला आणि रंध्याच्या पात्याला २५ अंशांचा मुख्य उतार आणि टोकाशी ३० अंशांचा बारीक उतार पुरतो. १००० नंबरच्या दगडावर कड येईपर्यंत, मग ६००० किंवा ८००० वर चकाकी येईपर्यंत. पात्याची मागची बाजू सपाट नसेल तर हे सगळं व्यर्थ जातं. बोथट हत्याराला जोर जास्त लावावा लागतो आणि ते निसटतं. हाताला जखमा बहुतेक तशाच होतात.

लाकूड कोणतं घ्यावं?

तुमच्या भागात जे नीट वाळलेलं आणि सरळ रेषांचं मिळतं ते. सागवान कमी फुगतं, कीड सहज लागत नाही, पण त्यात नैसर्गिक तेल असतं, म्हणून गोंद लावण्याच्या लगेच आधी सांध्याच्या जागा अ‍ॅसिटोनने पुसाव्या लागतात. शिसव सुंदर आणि जड असतं, पण पटाशीची धार लवकर घालवतं. ओक मजबूत, बीच घट्ट रेषांचं, पण दोन्ही दमट हवेत बऱ्यापैकी फुगतात. पाइन स्वस्तातलं आणि हलकं. त्याला ओरखडे लवकर पडतात म्हणून त्याला नावं ठेवतात, पण पलंगाच्या आतल्या पट्ट्यांना आणि खणाच्या तळाला ते उत्तम. पहिला पलंग पाइनचा केला तर काही बिघडत नाही.

खोडाच्या बाहेरच्या कडेचं फिकट, कोवळं लाकूड मात्र बघून घ्या. रुंद पानांच्या अनेक झाडांच्या या भागात पिष्ट (स्टार्च) असतं आणि घुण नेमकी तिथे लागते.

लाकूड पुरेसं वाळलंय हे कसं ओळखायचं?

मॉइश्चर मीटरने. हाताला कोरडं लागणं हा पुरावा नव्हे. ताज्या लाकडातलं पाणी साधारण ३० टक्क्यांच्या खाली येऊ लागलं की ते आकसायला लागतं आणि आजूबाजूच्या हवेशी जुळेपर्यंत आकसत राहतं. हीटर लावलेल्या कोरड्या घरांत हे प्रमाण ६ ते ८ टक्के असतं, दमट हवेच्या घरांत १२ टक्के किंवा त्याहून थोडं जास्त. म्हणून ठरावीक आकड्याच्या मागे लागू नका. त्याच बेडरूममधल्या एखाद्या जुन्या लाकडी वस्तूच्या न दिसणाऱ्या भागाला मीटर लावा. तो आकडा तुमचं लक्ष्य.

उघड्यावर वाळवायचं तर जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा जुना अंदाज. भट्टीत वाळवलेलं घेतलं तरी आणल्या आणल्या कापू नका. फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या काड्या घालून, हवा खेळेल अशी रास रचून दोन-तीन आठवडे घरात ठेवा.

लाकूड ‘हलतं’ म्हणतात, म्हणजे नेमकं काय?

हे एक समजलं की अर्धं सुतारकाम समजलं. हवेतला दमटपणा वाढला की फळी रुंदीत फुगते, कोरडी हवा आली की आकसते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. आणि रुंदीतही सगळीकडे सारखं नाही. फळीच्या टोकाकडे बघा. वर्षवलयांच्या रेघा आडव्या पसरलेल्या दिसल्या तर ती फळी, रेघा उभ्या दिसणाऱ्या फळीपेक्षा साधारण दुप्पट हलणार.

आकड्यांत सांगायचं तर ४० सेंटिमीटर रुंदीची, आडव्या वलयांची फळी घ्या. ऋतू बदलताना तिच्यातला ओलावा ४ टक्क्यांनी बदलला, तर सागवान सुमारे ३ मिलिमीटर आणि पांढरा ओक सुमारे ६ मिलिमीटर हलेल. हे थांबवता येत नाही. गोंद, स्क्रू, खिळे लावून दाबून ठेवलं तर फळी तडकते किंवा चौकट उघडते. तिला वाट करून द्यायची, एवढंच आपल्या हातात.

म्हणून टेबलाची वरची फळी चौकटीला गोंदाने चिकटवू नका. खालच्या पट्टीत खाच करून तिच्यात सरकणारी छोटी लाकडी गुंडी ठेवा आणि ती गुंडी वर स्क्रूने बसवा, किंवा स्क्रूचं छिद्र लांबट करा. कपाटाचं दार एका सलग रुंद फळीचं करू नका. चौकट करा, तिच्या आतल्या बाजूने खाच फिरवा आणि मधली फळी त्यात सुटी बसवा. त्या फळीला गोंदाचा थेंबही नको, फार तर वर आणि खाली बरोबर मध्यावर एकेक. चौकटीत बसवण्याआधी मधल्या फळीला पॉलिश करून घ्या. नाहीतर कोरड्या दिवसांत ती आकसली की कडेला बिनरंगाची पट्टी दिसते.

प्लायवूड वापरलं तर काम हाताचं राहतं का?

राहतं. यावर तावातावाने वाद होतात, पण कपाटाच्या पाठीला आणि मोठ्या बाजूंना प्लायवूड लाकडापेक्षा सरस आहे. ते जवळजवळ हलत नाही आणि पाठीची फळी चौकटीला गच्च चिकटवता येते, त्यामुळे कपाट तिरकं होत नाही. पुढची चौकट, दारं आणि पाय खऱ्या लाकडाचे करा.

एक काळजी घ्या. स्वस्त प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेली फळी) यांच्यातल्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड हा अपायकारक वायू हवेत येत राहतो. तुम्ही रोज सात-आठ तास बंद दारामागे त्याच हवेत झोपणार आहात. हा वायू कमी सोडणारं, ई१ किंवा त्याहून चांगल्या दर्जाचं घ्या आणि कापलेल्या कडा पट्टी लावून किंवा पॉलिशने बंद करा, कारण गॅस जास्त करून उघड्या कडेतून येतो.

स्क्रू लावले तर चालतं की सांधेच करायचे?

जिथे रोज ताण येतो तिथे सांधा. पाय आणि आडवी पट्टी जोडायला कूस (पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ) आणि ती बसायची खाच यांना तोड नाही. कुसाची जाडी पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवा. खाच आधी करा, मग कूस तिच्या मापाने तासत आणा. हाताने दाबल्यावर बसावी, मोगरीचे दणके द्यावे लागले तर ती खाच फोडेल. फळीच्या टोकाला, म्हणजे तंतू जिथे आडवे कापले गेलेत तिथे, ना स्क्रू नीट धरतो ना गोंद. हे लक्षात ठेवलं तर कुठे काय वापरायचं ते आपोआप सुचेल.

पलंग कुरकुरतो. का आणि काय करायचं?

आवाज लाकडाच्या थकव्याने येत नाही, दोन पृष्ठभाग एकमेकांवर किंचित घासल्याने येतो. म्हणजे शोधायचं ते काय घासतंय ते.

पहिला संशयित म्हणजे बाजूपट्टी आणि पाय यांचा जोड. पलंग सुटा करता यायला हवा, म्हणून इथे गोंद चालत नाही. पट्टीच्या टोकाला आखूड कूस, तिने फक्त जागा पक्की करायची आणि वजन पेलायचं, आणि ओढून धरायला पायातून आरपार जाणारा बोल्ट व पट्टीत आडवं बसवलेलं गोल नट. लाकडात थेट घुसवलेले स्क्रू इथे वापरू नका. पलंग दोन-तीनदा सुटा केला की त्यांची छिद्रं ढिली होतात. आकड्यासारख्या अडकवायच्या पत्र्याच्या जोडण्या जाड आणि घट्ट असतील तरच चालतात. पातळ पत्र्याच्या हमखास वाजतात.

दुसरा संशयित गादीखालच्या पट्ट्या. त्या ज्या दांडीवर टेकतात तिथे फेल्ट, कॉर्क किंवा पातळ चामड्याची पट्टी चिकटवा. लाकूड लाकडाला टेकलंच नाही की आवाज राहत नाही. पट्ट्या सरकू नयेत म्हणून कापडी पट्ट्याने एकमेकींना जोडा.

तिसरा, रुंद पलंगाच्या मधल्या दांडीचा पाय. फरशीला तो केसभर टेकत नसेल तर वजन पडल्यावर दांडी वाकते आणि आवाज करते. त्या पायाला उंची कमी-जास्त करणारा स्क्रू बसवा.

आणि बाजूपट्टी मुळातच बारीक असेल तर हे सगळं करूनही पलंग डुलतो. तिची उभी रुंदी १४ ते १५ सेंटिमीटर आणि जाडी अडीच ते तीन सेंटिमीटर ठेवा. जाडीपेक्षा रुंदी वाढवणं जास्त फायद्याचं. रुंदी दुप्पट केली तर वाकण्याला विरोध आठपट होतो, जाडी दुप्पट केली तर फक्त दुप्पट.

पलंगाची मापं कुठून घ्यायची?

गादीवरून, आणि गादी आधी विकत घेऊन. छापील माप आणि खरी गादी यांत एक-दोन सेंटिमीटरचा फरक असतो. आतून दोन्ही दिशांना साधारण २ सेंटिमीटर मोकळीक ठेवा म्हणजे चादर खोचताना बोटं अडकणार नाहीत. गादीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या आसपास, ४५ ते ५५ सेंटिमीटरवर यावा. वयस्कर माणसांसाठी वरची मर्यादा धरा, उठायला सोपं जातं.

गादीखालच्या पट्ट्या १८ ते २० मिलिमीटर जाड, ७ ते ९ सेंटिमीटर रुंद, मधली फट ६ सेंटिमीटरच्या आसपास. फोमची गादी असेल तर फट आणखी कमी. सलग फळी टाकण्याचा मोह टाळा. रात्रभर अंगाचा ओलावा गादीत उतरतो, त्याला खालून वाट नसेल तर बुरशी धरते.

पायांचे बाहेरचे कोपरे गोल करा आणि पाय पट्टीच्या रेषेच्या थोडे आत घ्या. अंधारात हे पटतं.

आणि कपाटाची?

हँगर आडवा मावायला आतून ५५ सेंटिमीटर खोली तरी हवी, ६० उत्तम. शर्टांसाठी दांडीखाली सुमारे १ मीटर, लांब कपड्यांसाठी दीड मीटर किंवा थोडं जास्त. दांडीचा गाळा एक मीटरच्या पुढे गेला की मध्ये आधार द्या. कपड्यांचं एकत्र वजन आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त असतं.

खण अडकतात, विशेषतः पावसाळी हवेत. काय चुकतं?

खणाच्या बाजूच्या फळीची उंची म्हणजे तिची रुंदी, आणि रुंदी फुगते. १५ सेंटिमीटर उंचीचा खण कोरड्या दिवसांत गच्च बसवला की दमट दिवसांत तो अडकणारच. कोरड्या हवेत काम करत असाल तर वर ३ मिलिमीटर फट ठेवा, दमट हवेत करत असाल तर एक पुरते. आजूबाजूला एक-एक मिलिमीटर पुरे, कारण त्या दिशेने फळीची फक्त जाडी असते. धातूच्या टेलिस्कोपिक पट्ट्या लावायच्या असतील तर गोष्ट वेगळी. त्यांना प्रत्येक बाजूला साधारण १३ मिलिमीटर हवेत आणि तिथे मिलिमीटरभर चूकही चालत नाही.

तळाची फळी लाकडी असेल तर तिच्या रेषा डावीकडून उजवीकडे ठेवा. मग ती पुढे-मागे हलते. मागच्या बाजूला तिला खाचेत एका स्क्रूने सुटी धरून ठेवायची. पुढच्या कोपऱ्यांना डव्हटेल, म्हणजे टोकाकडे फाकत जाणाऱ्या दातांचा, सांधा करा. खण ओढताना सगळा जोर तिथेच येतो आणि तो सांधा ओढल्यावर निखळत नाही. उतार मऊ लाकडात १:६, कठीण लाकडात १:८.

घासणाऱ्या कडांना साधी मेणबत्ती फिरवा. आवाजही जातो.

गोंद कोणता?

पांढरा किंवा पिवळा पीव्हीए, म्हणजे लाकडासाठी मिळणारा नेहमीचा गोंद. लावल्यापासून पाच-दहा मिनिटांत सगळं जुळवून क्लॅम्प आवळावे लागतात, म्हणून आधी एकदा गोंद न लावता पूर्ण जोडणी करून बघा. क्लॅम्प तासाभराने काढले तरी चालतात, पण सांध्यावर जोर चोवीस तासांनंतरच द्या. पुढे कधी दुरुस्ती होणार असं वाटणाऱ्या सांध्यांना सरस (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला गोंद) बरा, तो उष्णता आणि ओलावा देऊन सोडवता येतो.

पॉलिश कोणतं करावं?

बाहेरून तुम्हाला आवडेल ते. आतून मात्र विचार करून. जवसाचं तेल किंवा तेलमिश्रित पॉलिश उघड्या पृष्ठभागावर सुंदर दिसतं, पण बंद खणात आणि कपाटात त्याचा वास महिनोन्‌महिने राहतो आणि कपड्यांना लागतो. आतल्या बाजूला चपड्याचं, म्हणजे शेलॅकचं पॉलिश करा. त्यातलं स्पिरिट उडून गेलं की वास उरत नाही. किंवा आत काहीच लावू नका, तेही चालतं.

उशाजवळच्या टेबलावर गरम कप आणि पाण्याचे पेले येतात. तिथे शेलॅक नको, उष्णतेने आणि अल्कोहोलने त्यावर पांढरे डाग पडतात. पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन वार्निश बरं. ते लाकडाचा रंग फारसा पिवळा करत नाही.

घासायला १०० नंबरच्या कागदापासून सुरुवात करून १५० आणि २२० पर्यंत. नंबर गाळून उडी मारली की आधीचे ओरखडे पॉलिशनंतर वर येतात. टेबलाच्या फळीला खालूनही तेवढेच थर द्या. एकाच बाजूने ओलावा आत-बाहेर झाला की फळी वाकते.

तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती बाहेर पसरून वाळवा, किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

धुळीचं एवढं का सांगतात?

कारण लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे. धोका आहे तो रंध्याच्या साली किंवा जाड भुशाचा कमी, आणि सँडर (लाकूड घासायचं यंत्र) चालवताना हवेत तरंगणाऱ्या बारीक धुळीचा जास्त. एन९५ किंवा एफएफपी२ दर्जाचा मास्क, यंत्राला जोडलेला व्हॅक्यूम आणि उघडी खिडकी. सँडर बंद केल्यावर लगेच मास्क काढू नका, धूळ बराच वेळ हवेतच असते. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे घालू नका, ते हातालाही सोबत ओढून नेतात.

उंच कपाट भिंतीला पक्कं करायलाच हवं का?

हो. लहान मूल उघड्या खणांवर पाय देऊन चढतं आणि सगळं वजन पुढे येतं. पाठीमागून मजबूत आडव्या पट्टीतून भिंतीत. पाठीच्या पातळ प्लायमधून नव्हे.

बाळासाठी कठड्याचा पलंग घरी करू का?

मी करू नका म्हणेन. दांड्यांमधल्या फटी, गादीभोवतीची जागा, कठड्याची उंची यांचे काटेकोर नियम असतात. फट ६ सेंटिमीटरहून जास्त झाली की बाळाचं अंग त्यातून सरकून डोकं अडकू शकतं. इथे कलाकुसर दाखवायला जागा नाही. हौस असेल तर कपड्यांची छोटी पेटी करा.

जुन्या पॅलेटचं (माल ठेवायच्या लाकडी चौकटीचं) लाकूड बेडरूममध्ये चालेल?

शिक्का बघा. एचटी असेल तर ते उष्णतेने निर्जंतुक केलेलं आहे, म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस ३० मिनिटं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला, तो घरात आणू नका. शिक्काच नसेल किंवा काही सांडल्याचे डाग असतील तरीही नको. कोणत्याही जुन्या लाकडाला बारीक गोल छिद्रं असतील तर ते आपटून बघा. ताजी पिठासारखी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे आणि ती बाकीच्या राशीतही शिरेल.

तयार झाल्यावर पुढे काय बघायचं?

पहिलं वर्षभर ऋतू बदलला की पलंगाचे बोल्ट एकदा आवळा. नवं लाकूड दाबाखाली थोडं बसतं. चावी पलंगाच्या आतल्या बाजूला एका छोट्या खाचेत अडकवून ठेवा, घर बदलताना ती शोधावी लागत नाही. सुट्या भागांच्या न दिसणाऱ्या बाजूंवर जोडीजोडीने खुणा कोरून ठेवा : उशाकडचा डावा पाय कुठल्या पट्टीला येतो वगैरे. पेन्सिलची खूण पुसली जाते. पटाशीने मारलेले एक, दोन, तीन छेद टिकतात.